व्यसनाचं नावही न घेता

मुंबई-पुणे रस्ता बोरघाट उतरून खोपोलीत येतो आणि खालापूरच्या सपाटीला लागतो. दुतर्फा कारखाने आणि गोदामं, त्यांच्या मागे भातखाचरं, खाचरांमागे डोंगराला बिलगलेल्या ठाकरवाड्या आणि कातकरवाड्या. याच पट्ट्यातल्या ढेकू गावात डिसेंबर २०२३ मध्ये रायगड पोलिसांनी एका कारखान्यावर छापा घातला. आत मेफेड्रोन हा अमली पदार्थ तयार होत होता. पोरं त्याला नुसतं ‘एमडी’ म्हणतात. पहिल्या छाप्यात ८५ किलो माल हाती लागला, पुढच्या तपासात आणखी साठा सापडला आणि सगळ्याची किंमत सव्वातीनशे कोटी रुपयांच्या घरात गेली. त्याच्या बारा वर्षं आधी, २६ जून २०११ रोजी, खालापूर तालुक्यातल्याच एका रिसॉर्टवर रेव्ह पार्टी रंगात असताना पोलीस पोचले आणि जवळपास तीनशे तरुण-तरुणींना त्यांनी ताब्यात घेतलं. २६ जून हा जगभर अमली पदार्थविरोधी दिन म्हणून पाळला जातो.

छापा हा सरकारचा सगळ्यांना दिसणारा हात. तो हवाच. पण गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत जगभरच्या संशोधकांनी एक गोष्ट शोधून काढली आहे आणि ती वाचताना मी दर वेळी थक्क होतो. मुलाला नशेपासून आणि टोळीपासून दूर ठेवणारं सर्वात परिणामकारक काम पुष्कळदा नशेचं नावही न घेता होतं. आणि ते सुरू होतं मूल अवघं सहा वर्षांचं असताना, पहिलीच्या वर्गात.

पहिलीतला एक खेळ

१९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात म्युरियल सॉन्डर्स नावाच्या शिक्षिकेनं आपल्या दंगेखोर वर्गासाठी एक खेळ बसवला. वर्गाचे गट पाडायचे. जागेवरून उठायचं नाही, मध्येच ओरडायचं नाही, असे साधे नियम फळ्यावर लिहायचे. कुणी नियम मोडला की त्याच्या गटाच्या नावापुढे एक खूण. ठरलेल्या वेळात ज्या गटांच्या खुणा ठरावीक आकड्याच्या आत राहतील ते सगळे गट जिंकले. खेळाची खरी मेख इथे आहे. एक जिंकला म्हणून दुसरा हरत नाही. मनात आणलं तर सगळा वर्ग जिंकतो. आणि जो पोरगा एरवी बाईंच्या शिव्या खातो, त्याला आवरायला आता त्याच्याच गटातली चार मुलं पुढे होतात. त्याला वर्गाबाहेर काढून कुणाचाच फायदा नसतो.

१९८५ पासून बाल्टिमोर शहरात शेपर्ड केलम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा खेळ पहिलीच्या काही वर्गांत खेळवला, काही वर्गांत नाही. मग ते थांबले. मुलं एकोणीस ते एकवीस वर्षांची झाल्यावर त्यांना पुन्हा शोधून काढलं. खेळ खेळलेल्या वर्गांतल्या मुलग्यांमध्ये अमली पदार्थांच्या आहारी गेलेल्यांचं प्रमाण न खेळलेल्यांच्या जवळपास निम्मं निघालं. पहिलीत जी मुलं सर्वात मारकुटी होती त्यांच्यात हा फरक सर्वात मोठा होता. मुलींमध्ये एवढा ठळक फरक दिसला नाही. पहिलीच्या त्या वर्गात दारू, गांजा, गर्द यांपैकी कशाचाही उच्चार झाला नव्हता.

हे घडलं कसं? संशोधकांनी मागे जाऊन साखळी जुळवली. दंगेखोर मूल रोज बोलणी खातं, बाकीची मुलं त्याला खेळात घेईनाशी होतात, अभ्यासात ते मागे पडतं. अशी बाजूला सारलेली मुलं पुढे एकमेकांना हुडकतात. चौदा-पंधराव्या वर्षी त्यांचा घोळका जमतो आणि पहिला झुरका बहुधा त्याच घोळक्यात मिळतो. पहिलीतला खेळ ही साखळी पहिल्याच कडीला तोडतो. या खेळाला पैसा लागत नाही, यंत्र लागत नाही. जिल्हा परिषदेच्या कुठल्याही शाळेतल्या गुरुजींना तो उद्यापासून घेता येईल.

त्या वयातला मेंदू

बालपणी मेंदूत पेशींच्या जोडण्या गरजेपेक्षा कितीतरी जास्त तयार होतात आणि वयात येताना त्यांची छाटणी सुरू होते. माथेरानच्या उतारावरच्या पायवाटा पाहा: ज्यांवरून रोज पावलं पडतात त्या टिकतात, बाकीच्या एका पावसाळ्यात गवतात बुजून जातात. मेंदूतही वापरातल्या वाटा राहतात, आणि त्यांच्यावर मायलिन नावाचं चरबीचं वेष्टण चढतं. त्या वेष्टणामुळे संदेश अनेक पटींनी वेगानं धावतो. हे काम मेंदूच्या मागच्या भागाकडून पुढे सरकत येतं. कपाळामागचा भाग, म्हणजे थांब, विचार कर, पुढे काय होईल ते बघ असं सांगणारा भाग, सर्वात शेवटी, पंचविशीच्या आसपास पक्का होतो. आनंदाची, नव्या अनुभवाची ओढ लावणारी यंत्रणा मात्र बारा-तेराव्या वर्षीच जोरात असते. मधली दहा-बारा वर्षं ओढ पुरती जागी आणि लगाम अजून वळला जातोय, अशी असतात. याच वर्षांत मूल सर्वात झपाट्यानं शिकतं. कबड्डीतली चढाई, ढोलकीवरचा हात, मोटारसायकलचं इंजिन खोलणं, जे हाती येईल ते. व्यसनही मेंदूच्या दृष्टीनं शिकण्याचाच एक प्रकार आहे, म्हणून तेही याच वर्षांत सर्वात लवकर आणि सर्वात खोल रुजतं.

फिलाडेल्फियातल्या टेम्पल विद्यापीठात लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि सहकाऱ्यांनी मुलांना संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ दिला. पिवळा सिग्नल लागला की थांबायचं की दामटायची, हे ज्यानं त्यानं ठरवायचं. एकटं असताना किशोरवयीन मुलं मोठ्यांइतकीच सांभाळून चालवत होती. मग त्यांचे मित्र शेजारी बसवले. मोठ्यांच्या चालवण्यात फरक पडला नाही; मुलांनी मात्र लगेच जास्त धोका पत्करला. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुढच्या प्रयोगात मेंदूचं चित्रण केलं, तेव्हा मित्र पाहताहेत एवढ्या जाणिवेनं मुलांच्या मेंदूतली आनंदाची केंद्रं उजळलेली दिसली. ‘संगत वाईट’ असं आपण सहज म्हणून जातो. पण त्या वयात संगत हेच एक जबरदस्त सुख असतं. ते सुख मुलाकडून काढून घेता येत नाही. ते कुठे मिळावं, एवढंच मोठ्यांच्या हाती आहे.

आता यात नशेचा पदार्थ येतो. दिल्लीच्या एम्सनं केलेली देशव्यापी पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. दारू, गांजा, अफू अशा सगळ्या प्रकारांत मोठ्या माणसांचं प्रमाण मुलांपेक्षा जास्त होतं. एकच प्रकार उलटा निघाला: हुंगायच्या नशा. १० ते १७ वयोगटात त्यांचं प्रमाण १.१७ टक्के, मोठ्यांत ०.५८ टक्के. व्हाइटनर, थिनर, पंक्चर काढायचं सोल्युशन, चपला चिकटवायचा डिंक. फलाटावर, पुलाखाली, बंद शेडमागे फडक्यात नाहीतर प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन ही नशा केली जाते. अनेक द्रावणांत टोल्युइन असतं. टोल्युइन चरबीत विरघळतं, म्हणून श्वासावाटे आत गेलं की काही क्षणांत चरबीनं भरलेल्या मेंदूत पोचतं. मेंदू ज्या वयात आपल्या वाटांवर चरबीचं वेष्टण चढवत असतो, नेमक्या त्याच वयात हे द्रावण त्या वेष्टणाची नासधूस करतं. दीर्घकाळ हुंगणाऱ्यांच्या मेंदूच्या चित्रणात वेष्टण चढलेल्या वाटांचा पांढरा भाग खराब झालेला स्पष्ट दिसतो. हात थरथरतात, चाल बिघडते, आठवण राहत नाही. हे समजल्यापासून स्टेशनरीच्या दुकानातल्या त्या छोट्या बाटलीकडे मला पूर्वीसारखं पाहता येत नाही. केंद्र सरकारनं २०१२ मध्ये बाटलीतलं व्हाइटनर आणि थिनर किरकोळीत विकायला बंदी घातली आणि पेनसारख्या नळीतलं व्हाइटनर चालू ठेवलं, ते याच कारणानं.

मधली जागा

नशेबरोबर टोळीचंही पाहायला हवं. फ्रेडरिक थ्रॅशर या समाजशास्त्रज्ञानं शिकागोतल्या १,३१३ टोळ्यांचा अभ्यास केला आणि १९२७ मध्ये तो पुस्तकरूपानं मांडला. त्याला दोन गोष्टी दिसल्या. बहुतेक टोळ्यांची सुरुवात साध्या खेळगड्यांच्या घोळक्यातून झाली होती. गुन्ह्यासाठी म्हणून कुणी जमलं नव्हतं. आणि टोळ्या शहराच्या एका विशिष्ट पट्ट्यात दाटल्या होत्या: कारखाने, रेल्वेचे रूळ आणि वस्त्या यांच्या मधल्या जागेत. जुनं मोडलेलं, नवं अजून बसलेलं नाही, अशी ती जागा.

हे वाचताना कर्जत-खालापूर डोळ्यांपुढे येतं. मुंबईची लोकल कर्जत-खोपोलीपर्यंत येते. पाताळगंगेच्या काठी औद्योगिक वसाहत आहे. भाताच्या जमिनी विकल्या जाऊन तिथे फार्महाऊस उभी राहतात. एका घरात जमिनीचा पैसा एकरकमी येतो आणि विशीतल्या मुलाच्या हाती गाडीची किल्ली पडते. शेजारच्या वाडीतलं कातकरी कुटुंब दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातं आणि पावसाच्या तोंडावर परततं, तोवर मुलाची शाळा सुटलेली असते. एकाच्या हाती पैसा आहे, दुसऱ्याच्या हाती काहीच नाही, आणि संध्याकाळी काय करायचं हा प्रश्न दोघांपुढेही आहे. मुंबई आणि पुणे या दोन्ही बाजारांच्या मधल्या रस्त्यावर माल तर फिरतोच. पोहोचवायला हलक्या पावलांचं, संशय न येणारं पोरगं हवं असतं. पहिल्यांदा चहापाण्याला पैसे मिळतात, मग मोबाईल मिळतो, आणि ‘भाई आपल्याला ओळखतो’ ही जाणीव मिळते. त्या वयात ही जाणीव पैशापेक्षा जास्त मोलाची वाटते.

धाक का फसतो

यावर कुणालाही सुचणारा पहिला उपाय म्हणजे धाक. अमेरिकेत १९८३ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये ‘डेअर’ हा कार्यक्रम सुरू झाला. गणवेशातले पोलीस वर्गात येऊन नशेचे दुष्परिणाम सांगत. तो देशभर पसरला. नंतर काटेकोर मोजमाप झालं तेव्हा त्याचा टिकाऊ परिणाम दिसेना. दुसऱ्या एका कार्यक्रमात वाटेवरून घसरू लागलेल्या मुलांना तुरुंगात नेऊन जन्मठेपेच्या कैद्यांकडून दरडावून घेत. त्यावरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला, तर अशा भेटी दिलेल्या मुलांच्या हातून पुढे जास्त गुन्हे घडल्याचं दिसलं. मित्रांसमोर धोका पत्करण्यात ज्या मेंदूला सुख आहे, त्याला धोक्याचं वर्णन करून सांगणं म्हणजे काय, हे वरच्या प्रयोगानंतर कळतं. शाळेच्या भिंतीवर कवटीचं चित्र रंगवून झालं की आपलं काम झालं, असं मानायला आता जागा उरलेली नाही.

चार लाखांहून लहान देश

मग काय चालतं? २०११ च्या जनगणनेत कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांची लोकसंख्या मिळून चार लाखांवर गेली. त्या वर्षी आइसलँड या अख्ख्या देशाची लोकसंख्या सव्वातीन लाखांपर्यंतही नव्हती. १९९८ मध्ये तिथल्या १५-१६ वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुलं मागच्या महिनाभरात दारू पिऊन झिंगली होती. २०१६ मध्ये हा आकडा ५ टक्क्यांवर आला. रोज सिगारेट ओढणारी मुलं २३ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आली.

त्यांनी केलं ते कागदावर अगदी साधं दिसतं. दर वर्षी शाळेत मुलांना विचारायचं: संध्याकाळी कुठे असता, आईवडिलांबरोबर किती वेळ जातो, मित्र कोण आहेत ते घरी माहीत आहे का. उत्तरं काही आठवड्यांत त्याच शाळेला, त्याच गावाला परत द्यायची. मुलांनी रात्री किती वाजेपर्यंत बाहेर राहावं याचा कायदा केला आणि पालकांनी एकत्र येऊन तो पाळायचं ठरवलं. राजधानीत प्रत्येक मुलाच्या नावे खेळ, संगीत, नाच शिकण्यासाठी वार्षिक रक्कम ठेवली. आणि शिकवायला तयार प्रशिक्षक नेमले. शेवटची बाब फार महत्त्वाची, कारण नुसतं एकत्र जमून टाइमपास केल्यानं काही साधत नाही. मुलांबरोबर एक जबाबदार, मन लावून शिकवणारं मोठं माणूस लागतं.

आइसलँड श्रीमंत देश आहे, त्यांचं जसंच्या तसं उचलता येणार नाही. पण घोळका बांधायची कला रायगडाला कुणी शिकवायची गरज नाही. भातकापणी उरकली की गावोगावी कबड्डीची मैदानं आखली जातात. गोविंदा पथकात तर सगळ्यात खालच्या थरातल्या पोराचा पाय डगमगला की सगळ्यात वरचं पोर खाली येतं. त्या जबाबदारीची झिंग कुठल्याही पुडीत मिळत नाही. मात्र मंडळातल्या मोठ्यांनी एक गोष्ट ओळखावी. सामना जिंकल्यावर रात्री मैदानाच्या कडेला बाटली फुटत असेल, तर पंधरा वर्षांच्या खेळाडूला पहिला घोट तिथेच मिळतो.

आपल्या हाताशी काय आहे

आता कायद्याकडे वळू, कारण तिथेही आश्चर्य आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्यातलं कलम ७७ सांगतं की मुलाला दारू, अमली पदार्थ किंवा तंबाखूसुद्धा देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कलम ७८ मुलाकरवी दारू किंवा अमली पदार्थ विकणाऱ्याला किंवा वाहून नेणाऱ्याला तेवढीच शिक्षा सांगतं. कलम ८३ मुलांना बेकायदा कामात, एकेकट्यानं किंवा टोळी म्हणून, वापरणाऱ्या मोठ्यांसाठी सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपये दंड ठेवतं. त्या मुलाचं नाव छापायला मनाई आहे आणि त्याला कोरी पाटी मिळावी हे तत्त्व कायद्यातच लिहिलेलं आहे. कर्जतला मुलांचं निरीक्षणगृह आहे. तिथे पोचलेलं पोर कायद्याच्या नजरेत आधी मूल आहे, ही गोष्ट गावानंही मनाशी धरायला हवी.

अमली पदार्थविरोधी कायदा १९८५ चा, कडक म्हणून ओळखला जाणारा. त्यातही कलम ६४अ आहे. सेवनाच्या किंवा अगदी अल्प प्रमाणातल्या मालाच्या गुन्ह्यात अडकलेली व्यसनी व्यक्ती स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घ्यायला तयार झाली आणि तिनं ते पूर्ण केले, तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. पोलिसांच्या भीतीनं मुलाचं व्यसन वर्षानुवर्षं झाकून ठेवणाऱ्या आईवडिलांना हे कुणीतरी सांगायला हवं. डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ मध्ये पुण्यात उभं केलेलं मुक्तांगण घाटाच्या वरच आहे, आणि व्यसन हा आजार आहे, त्यातून माणूस बाहेर येतो, हे त्या घरानं महाराष्ट्राला दाखवून दिलं आहे. १५ ऑगस्ट २०२० ला सुरू झालेल्या नशामुक्त भारत अभियानाची १४४४६ ही मोफत हेल्पलाइन उपचाराची वाट दाखवते. मालाची खबर देण्यासाठी १९३३, संकटातल्या मुलासाठी १०९८, मनाच्या त्रासासाठी १४४१६. वयात येणाऱ्या मुलामुलींसाठी सरकारी दवाखान्यांत ‘मैत्री’ क्लिनिक चालतात. तिथे मुलाला एकट्याला जाऊन बोलता येतं.

आणि सगळ्यात जवळची यंत्रणा प्रत्येक ग्रामपंचायतीत आहे: ग्राम बाल संरक्षण समिती. सरपंच अध्यक्ष, अंगणवाडी सेविका सचिव, सोबत पोलीस पाटील, मुख्याध्यापक, आशाताई, आणि गावातला एक मुलगा व एक मुलगी. या माणसांची यादी नीट वाचली की बाल्टिमोर आणि आइसलँडमध्ये ज्यांची ज्यांची गरज पडली ते सगळे एकाच खोलीत बसलेले दिसतात. अंगणवाडीच्या ताईंना माहीत असतं कोणत्या घरात रोज भांडण होतं. मुख्याध्यापकांना माहीत असतं कोण आठवडाभर आलं नाही. आशाताईंना माहीत असतं कोणतं कुटुंब भट्टीवर गेलं. पोलीस पाटलांना माहीत असतं संध्याकाळी कुठल्या शेडमागे कोण जमतं. चौघांची माहिती एका वहीत आली, तर मूल घसरण्याच्या आधी दोन-तीन वर्षं ते गावाला दिसतं. पाथरज किंवा भालिवडीच्या आश्रमशाळेतली जागा, मैदानावरचा एखादा दादा, दुपारी हातात काम शिकवणारा गॅरेजवाला मिस्त्री, यांपैकी काय त्या मुलाला लागेल, हे अलिबागहून किंवा मुंबईहून कुणाला ठरवता येणार नाही. ते फक्त त्या खोलीत ठरू शकतं.

म्हणून मला वाटतं, पुढच्या ग्रामसभेत पाण्याचा आणि रस्त्याचा विषय झाला की एकानं तरी उभं राहून तीन गोष्टी विचाराव्यात. बाल संरक्षण समितीची बैठक शेवटची कधी झाली? या वर्षी शाळा सोडलेली मुलं किती, आणि त्यातलं प्रत्येक मूल आज कुठे आहे? संध्याकाळी सहा ते नऊ गावातल्या पोरांबरोबर कोणता मोठा माणूस असतो? उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्यावीत आणि त्याच्या पुढच्या सभेत तेच प्रश्न पुन्हा विचारावेत.